हॉलमधला की मांडीवरचा

रंगरावांच्या घरात कॉम्प्युटर यायचं कारण एकच होतं. तो रावसाहेबांच्या घरात आला होता.

रावसाहेब म्हणजे रंगरावांचे चुलतभाऊ. हिंजवडीत दोघांची घरं समोरासमोर. आयटी पार्कात दोघांच्या जमिनी गेल्या, पैसा आला, आणि पैशाबरोबर चढाओढ आली. एकाने फाटक बसवलं की दुसऱ्याचं दोन फूट उंच. एकाने गच्चीवर सिंह बसवले की दुसऱ्याचे सिंह तोंड उघडून. दोन हजार सात सालच्या गणपतीत रावसाहेबांनी कॉम्प्युटर आणला, हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडला आणि त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं. ते झाकण निघालेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. पण येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय?" आणि रावसाहेब सुपारी कातरत म्हणायचे, "कंप्युटर." तेवढ्यावर रंगरावांची झोप उडाली.

"दसऱ्याला आपल्याबी हॉलात पायजे," त्यांनी जाहीर केलं. "त्याच्यापरीस मोठा."

त्या घरात आणखी एका माणसाची झोप उडाली होती, पण तिला विचारतो कोण? नम्रता, रंगरावांची थोरली सून. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. लग्नाआधी बाणेरच्या एका लहानशा कंपनीत तिला नोकरी होती. दुसऱ्यांनी बनवलेले प्रोग्रॅम चालवून बघायचे आणि त्यातल्या चुका शोधून काढायच्या, असं काम. लग्न ठरताना नोकरीचा विषय निघाला तेव्हा रंगराव म्हणाले होते, "बघू." तोंडावर 'नाही' म्हणायची लाज वाटली की आपल्याकडे माणसं 'बघू' म्हणतात. त्याला दोन वर्षं झाली, आणि अजून कुणी काही बघितलं नव्हतं.

आणि आता गेल्या आठवड्यात तनुजाचा फोन आला. तनुजा म्हणजे तिची जुनी वरिष्ठ.

"घरून काम करशील का गं? मी वर भांडून परवानगी मिळवलीय. फक्त स्वतःचं मशीन पाहिजे आणि दिवसाचे पाच-सहा तास कुणी उठवणार नाही अशी जागा. सोमवारपर्यंत सांग. नंतर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल, आणि परत असं विचारता येणार नाही, खरं सांगते."

घरात कॉम्प्युटर येणारच होता. मग नडलं कुठे? नडलं हॉलमध्ये.

रंगरावांच्या हॉलमध्ये सकाळपासून माणसं बसायची. जमिनीचे दलाल, बिल्डर, ग्रामपंचायतीतले, आणि काहीच नसलेले पण चहाला येणारे. सुनेने तिथे चहाचा ट्रे घेऊन यायचं आणि रिकामा ट्रे घेऊन जायचं. सासऱ्यासमोर ती खुर्चीवर कधी बसलेली नव्हती. बसायचं नाही असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं, पण कोणत्या घरात कुठे बसायचं ते नव्या सुनेला उंबरा ओलांडतानाच कळतं. शिवाय सासऱ्यांशी सरळ बोलायचं नाही. जे सांगायचं ते सासूला सांगायचं, सासू सासऱ्यांना सांगणार. त्यांचं उत्तरही त्याच वाटेने परत येणार. तिघं एकाच खोलीत असली आणि तिघांनाही सगळं ऐकू येत असलं, तरी हीच वाट. बाहेरचा माणूस हसेल. पण वाकड-हिंजवडीकडे जुन्या घरांतून असंच चालत आलेलं होतं.

म्हणजे हॉलमध्ये मांडलेला कॉम्प्युटर नम्रतासाठी भिंतीवरच्या फोटोसारखा. येता-जाता पुसायचा. तिला हवा होता लॅपटॉप. मागच्या खोलीत, दार लोटून, जमिनीवर मांडी घालूनसुद्धा उघडता येईल असा. रंगरावांनी परसात बांधलेल्या खोल्यांमधून सॉफ्टवेअरची मुलं भाड्याने राहत होती, त्यांच्या इंटरनेटची वायर तिच्या खिडकीवरूनच गेली होती. सगळं जुळून आलं होतं, फक्त एक शब्द सासऱ्यांच्या कानावर जायचा राहिला होता.

नवऱ्याकडे तिने तो काढला. मच्छिंद्र कंपन्यांच्या बसगाड्या चालवायचा, स्वतःच्या दोन होत्या. माणूस मायाळू, पण वडिलांपुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची. "आईला सांग," तो म्हणाला. "आई सांगंल आबांना."

सासूला ती आत्या म्हणायची. यमुनाबाई खोल्यांमधल्या मुलांचे डबे करायच्या. पहाटेपासून पोळपाटासमोर. नम्रताने त्यांना पोळ्या लाटता लाटता तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा संध्याकाळी उत्तर आलं, "बघू म्हनले."

शनिवारी स्कॉर्पिओ बुधवार पेठेकडे निघाली. स्टिअरिंगवर धाकटा दीर दिग्विजय, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मनापासून कंटाळलेला. शेजारी रंगराव, पांढरी टोपी, पांढरे कपडे. मागे दोघी बायका. त्यांना दगडूशेठच्या दर्शनासाठी घेतलं होतं, कॉम्प्युटरसाठी नव्हे.

"आबा, एकवीस इंची स्क्रीन घ्यायची," दिग्विजय सांगत होता. "आणि वूफरवाले स्पीकर. गेम लावला की समोरच्या घरात काचा हलल्या पाहिजेत. सॉलिड बेस."

समोरच्या घरातल्या काचा म्हणजे रावसाहेबांच्या काचा. रंगराव खूष झाले.

नम्रता सासूच्या कानाशी वाकली. "आत्या, लॅपटॉपचं बोललात ना तुम्ही?"

"बोलले की."

"मग आज आठवण करा ना."

"दमानं घे गं."

विद्यापीठाच्या चौकात गाडी अडकली. शेजारच्या बसथांब्यावर एक मुलगा मांडीवर लॅपटॉप उघडून बसला होता. रंगरावांनी काच खाली केली आणि न्याहाळून बघितलं.

"दिग्या, ह्ये काय पाटीवानी?"

"लॅपटॉप, आबा."

"लॅपटॉप म्हंजी?"

नम्रताने मान वळवून सासूकडे बघितलं. यमुनाबाई दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, जणू विद्यापीठाचं फाटक त्यांना विकत घ्यायचं होतं. म्हणजे त्यांनी सांगितलंच नव्हतं. तीनदा नाही. एकदाही नाही. 'बघू म्हनले' हे उत्तर पोळपाटावरच तयार झालं होतं.

नम्रताला राग आला. असा राग की डोळ्यांत पाणी येतं आणि आपण रडतोय असं लोकांना वाटतं. पण रागावर वेळ घालवण्यासारखी परिस्थिती नव्हती, कारण तिला रंगरावांचा इसार माहीत होता. रंगराव कुठलाही सौदा ठरवताना समोरच्याच्या हातावर इसार, म्हणजे थोडे आगाऊ पैसे, ठेवायचे. एकदा तो ठेवला की सूर्य पश्चिमेला उगवला तरी शब्द फिरत नसे. एकदा त्यांनी इसार देऊन म्हैस घेतली, ती लाथाडी निघाली. तिने दोन गडी पाडले, एक बादली चेपवली, पण म्हैस परत गेली नाही. दावणीलाच म्हातारी होऊन मेली. कॉम्प्युटरचंही तेच होणार होतं. इसार गेला की हॉल, झाकण, स्पीकर. आणि सोमवारी तनुजाला 'नको' म्हणायचं.

बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत चालायला जागा नव्हती. वायरींची भेंडोळी, स्पीकरची खोकी, ओरडणारे हमाल. दिग्विजयच्या मित्राने सांगितलेलं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दुकान कसलं, लांबट खोली. एका भिंतीला कॉम्प्युटर मांडलेले, समोर काउंटर, आणि दारातच एक पाटी:

'यंत्र जो वापरणार आहे, त्याने स्वतः बसून, चालवून पाहावे. त्यानंतरच बिल होईल. "घरी भाचा आहे, तो बघेल" हे ऐकले जाणार नाही.'

मालकांचं नाव शुभंकर. चाळिशीचे, बारीक, चष्म्यावरून बघणारे. गिऱ्हाईक आल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हता.

"या शेठ म्हनायचं सोडून पाटी वाचायला लावताय?" रंगराव हसत म्हणाले.

"पाटी वाचली की मला बोलावं लागत नाही," शुभंकर म्हणाले. "काय पाहिजे?"

"मोठा कंप्युटर. सगळ्यात मोठा."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजी? हॉलात."

शुभंकरांनी चष्मा वर सरकवला. "भिंतीला लावायचा असेल तर खाली फोटो फ्रेमवाला आहे."

दिग्विजयने मध्ये पडून भराभर मोठमोठे इंग्रजी शब्द सांगितले. शुभंकरांनी कोपऱ्यातलं एक मशीन सुरू केलं. काळंभोर, दोन निळे दिवे लागणारं, शेजारी कोंबड्यांच्या खुराड्याएवढा स्पीकर. रंगराव त्याच्याभोवती फिरले. वरून थाप मारून पाहिली, मागून वाकून पाहिलं, आणि डबा दोन्ही हातांनी उचलून अंदाज घेतला.

"वजनाला बरा हाय."

"किलोवर विकत नाही आम्ही," शुभंकर म्हणाले.

रंगरावांना त्या माणसाचा राग येत नव्हता. बाजारात उलट बोलणारा व्यापारी खोटं बोलत नाही, असा त्यांचा अनुभव होता. ते स्टुलावर बसले आणि त्यांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला.

नम्रता दारापाशी यमुनाबाईंच्या मागे उभी होती, डोक्यावरचा पदर एका हाताने धरून. तिने दुसऱ्या हाताने सासूचा दंड धरला.

"आत्या. आता सांगा. आत्ता."

"काय सांगू?"

"लॅपटॉप हवाय म्हणून सांगा. मागच्या खोलीत ठेवायला. मला काम मिळतंय म्हणून सांगा."

यमुनाबाईंनी घसा साफ केला. "अवं," त्या म्हणाल्या, "सूनबाई म्हनतीया, ल्हान बी मिळतंय म्हनं. परवडंल."

परवडेल! नम्रताला वाटलं, आत्ता इथे ओरडावं. काम गाळलं, खोली गाळली, आणि उरली काटकसर, जिचं नाव काढलेलं रंगरावांना दहा माणसांत सहन व्हायचं नाही. झालंही तसंच.

"तिला सांग," रंगराव म्हणाले, "परवडायला आपन काय भिकंला लागलो न्हाय. ल्हान घेऊन काय रावसाहेबाला हसाया देऊ?"

यमुनाबाई वळल्या. "मोठाच बरा, म्हनत्यात."

शुभंकर इकडून तिकडे, तिकडून इकडे बघत होते. "एक विचारू?" ते म्हणाले. "तुम्हाला एकमेकांचं ऐकू येतंय ना?"

"येतंय की," रंगराव म्हणाले. "आमच्यात रीत हाय तशी."

"असू द्या. रीत माझ्या दुकानाचीही आहे." त्यांनी पाटीकडे बोट केलं. "वापरणार कोण?"

"घर वापरंल."

"घराला बोटं नसतात."

दिग्विजय पुढे झाला, ऐटीत खुर्चीवर बसला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने स्वतःचं नाव शोधू लागला. 'डी' सापडला, मग बराच वेळ 'आय' सापडेना.

"हा वापरणार असेल तर हरकत नाही," शुभंकर म्हणाले. "पण एका बोटाचा की-बोर्ड वेगळा मिळत नाही, पूर्णच घ्यावा लागेल. दुसरं कुणी?" आणि मग त्यांनी सरळ दारापाशी बघितलं. "त्यांना येतं का?"

दुकानात आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. रंगरावांनी बघितलं नाही. सुनेकडे बघायची त्यांची पद्धत नव्हती.

"आत्या," नम्रता म्हणाली, "सांगा, मला येतं."

यमुनाबाईंनी पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला.

"आत्या."

"येतंय म्हनं तिला," यमुनाबाई जमिनीकडे बघत पुटपुटल्या.

"मग या, बसा," शुभंकर म्हणाले आणि त्यांनी दिग्विजयला उठवून खुर्ची पुढे ओढली.

खुर्ची साधीच होती, चाकांची, रेक्झिन फाटलेली. पण ती नेमकी रंगरावांच्या स्टुलासमोर आली होती. बसली असती तर सासऱ्यांच्या गुडघ्याला गुडघा लागला असता. नम्रता दोन पावलं पुढे आली आणि थांबली. बसले तर काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. रंगराव उठतील, एक शब्द न बोलता जिना उतरतील, आणि त्या घरात कॉम्प्युटर हा शब्द पुन्हा निघणार नाही. न बसले तर इसार. रंगरावांचा हात अजून खिशातच होता, आणि आता तो बाहेर येत होता.

"बसताय ना?" शुभंकर म्हणाले. "उभ्याने चालवायला ही पिठाची गिरणी नाहीये."

कोणीतरी हसलं. आणि त्या हसण्याने नम्रताच्या आत काहीतरी सुटलं. काउंटरवर दाखवायला म्हणून एक लॅपटॉप उघडा ठेवलेला होता. तिने तो मिटून उचलला, पदर खोचला, आणि दुकानाच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली. लोकांच्या चपलांच्या शेजारी. लॅपटॉप मांडीवर उघडला.



"फरशी पुसलेली नाहीये," शुभंकर म्हणाले. एवढंच त्यांना सुचलं.

काय लिहावं ते नम्रताला ठरवावं लागलं नाही. आठवडाभर ती भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मनात एकच उत्तर लिहीत होती. तेच बोटांतून बाहेर आलं. तनुजा, मी तयार आहे. मशीन घरी येतंय. मला पाच तास नव्हे, सात तास मिळतील, पहाटे उठायची सवय आहे. मला विसरली नाहीस म्हणून आभार. हे पत्र कुठेही जाणार नव्हतं, त्या मशीनला इंटरनेट नव्हतं. तरी ती लिहीत गेली. दोन वर्षांत बोटं काहीच विसरली नव्हती. त्यांचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा सलग येत होता, आणि दिग्विजयसुद्धा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

एकटी बाई लोकांच्या पायांत बसलेली बरी दिसत नाही म्हणून यमुनाबाई तिच्या शेजारी टेकल्या. आधी त्यांनी आजूबाजूच्यांना डोळे वटारून दोन पावलं मागे सरकवलं. मग त्यांची नजर बोटांवर गेली आणि तिथेच राहिली.

"चपात्या लाटताना न्हाय ग चालत ह्ये हात असं," त्या हळूच म्हणाल्या.

नम्रताची बोटं चालूच होती.

"नमे, आपल्या खोल्यांतली पोरं ह्येच करत्यात?"

"हेच, आत्या."

"दिसभर?"

"दिवसभर."

"बसून?"

"बसून."

"आन् म्हनून दोन-दोन भाज्या मागत्यात व्हय मुडदे," यमुनाबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी पुन्हा सुनेच्या हातांकडे बघितलं. "मी म्हनायची, काय तरी लई अवघड आसंल. साहेबाची पोरं. आपल्याला कळायचं न्हाय. पहाटं उठून त्यांच्यासाठी भाकऱ्या थापती मी. आन् ह्ये तर तुला येतंय."

"येतं, आत्या. तेच तर सांगत होते."

यमुनाबाईंना त्या तीन संध्याकाळी आठवल्या असाव्यात. त्यांचा चेहरा उतरला.

रंगरावांचा चेहरा मात्र लाल झाला होता. पोरीने रीत मोडलेली नव्हती, ती त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेली नव्हती. पण हिंजवडीच्या रंगरावांची सून परक्यांच्या चपलांत बसली होती, आणि जिन्यावरून वर येणारा प्रत्येक जण तिला वळसा घालून जात होता. रागवावं तर कशावर, ते त्यांना सापडेना.

"तिला सांग, ऊठ म्हनावं," ते दबल्या आवाजात म्हणाले. "लोक बघत्यात."

"ऊठ म्हनत्यात."

"आत्या, त्यांना सांगा," नम्रता बोटं न थांबवता म्हणाली. "त्यांच्यासमोर मी खुर्चीवर बसत नाही, बसणारही नाही. म्हणून हॉलमधलं मशीन मला कधीच वापरता यायचं नाही. हे असं खाली बसून वापरता येतं. मला बाणेरच्या कंपनीचं काम मिळतंय, घरून करायचंय. सोमवारी हो की नाही सांगायचंय."

आणि यमुनाबाईंनी नवऱ्याकडे बघून ते सांगितलं. शब्दन् शब्द. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. 'सोमवारी' म्हणतानासुद्धा त्या अडखळल्या नाहीत.

रंगराव बोलले ते बायकोशी, पण आवाज स्वतःशी बोलल्यासारखा होता.

"रावसाहेब काय म्हनंल ठावं हाय? जमिनीचा पैसा सरला, रंगरावानं सून कामाला लावली. चहाच्या टपरीवर चर्चा व्हईल. मला त्वांड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाय."

हे त्यांचं खरं दुखणं होतं, आणि ते त्यांनी पहिल्यांदाच उघडं केलं होतं. नम्रताला त्यांची कीव आली. तशातही कीव आली, याचं तिलाच आश्चर्य वाटलं. पण तिने मान खाली घातली नाही.

"घेताय की मी पंखा बंद करू?" शुभंकर म्हणाले.

रंगराव उठले. मोठ्या मशीनकडे बघितलं. फरशीवरच्या लॅपटॉपकडे बघितलं. आणि जन्मभर बाजार केलेल्या माणसाचे डोळे एकदम बारीक झाले.

"दोन्ही बांधा," ते म्हणाले. "ह्यो थोरला हॉलात. ते बारकं आतल्या खोलीत. रावसाहेबाकडं एक, आपल्याकडं दोन."

नम्रताची बोटं आणखी भरभर चालू लागली. पण बोलणं संपलं नव्हतं. रंगरावांनी इसाराच्या नोटा शुभंकरांच्या हातावर ठेवल्या आणि बायकोकडे वळून खणखणीत आवाजात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "पर सूनबाईला सांग. घरातल्या घरात काय शिकायचं ते शीक, टायपिंग कर, काय बी कर. नोकरीचं नाव काढायचं न्हाय. कंपनीबिंपनी कायबी न्हाय. सांग तिला."

तर हे असं झालं. मशीन मिळालं आणि काम गेलं. नम्रताची बोटं थांबली. मांडीवरच्या स्क्रीनवर तनुजाला लिहिलेलं उत्तर उजळत होतं, आणि ते आता खोटं झालं होतं. हॉल चुकवला, इसार चुकवला, खुर्ची चुकवली, आणि शेवटी एका वाक्यात सगळं परत पोळपाटावर. तिला रडू आलं नाही. तिला नुसतं खूप दमल्यासारखं झालं.

यमुनाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पदर नीट केला. सुनेकडे तोंड केलं.

"नम्रता," त्या म्हणाल्या. "ते म्हनत्यात, सोमवारपास्नं कामाला लाग."

दिग्विजय हसायला लागला आणि कुणीच हसत नाही हे बघून थांबला. शुभंकर नोटा हातात धरून उभे होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तोंडावर आलेलं वाक्य गिळलं असावं.

रंगराव सावकाश बायकोकडे वळले.

"काय सांगितलंस?"

"तुमी म्हनला ते."

"म्या काय म्हनलो?"

"ते तिला कळलं की," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पदराखाली घेतले. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. पस्तीस वर्षं त्यांनी त्या घरात शब्दांची ने-आण केली होती. पुष्कळ शब्द त्यांनी वाटेतच मारले होते. एखादा जिवंत करायची ही पहिलीच वेळ होती.

रंगरावांनी मग नम्रताकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, सरळ. ती फरशीवरून त्यांच्याकडेच बघत होती. 'मी असं म्हणालो नाही' हे तिला सांगायचं तर तोंडाने सांगावं लागणार होतं, तिला, स्वतः, पाच-सहा परक्या माणसांसमोर. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण वयाच्या साठीला रीत मोडायची, आणि तीही सुनेशी भांडायला, हे त्यांच्याने होईना.

"तिला सांग..." त्यांनी बायकोला म्हणायला सुरुवात केली, आणि ते तिथेच थांबले.

यमुनाबाई मान तिरकी करून वाट बघत राहिल्या.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "काय सांगू तिला?"

रंगरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग ते दिग्विजयला म्हणाले, "खोकी उचल," आणि जिन्याकडे निघाले.